न झालेल्या गोळीबाराचं पदक

काकांना शौर्यपदक मिळालं, त्याचं आमच्या घरात कधी कुणी कौतुक केलं नाही. घर म्हणजे मी आणि आई. पदक चुकीच्या माणसाला मिळालं असं आमचं म्हणणं नाही. माणूस अगदी योग्य होता आणि त्यानं जे केलं तेही खरं होतं. पण ज्यांनी ते त्यांच्या छातीवर लावलं, त्यांना ते लावायला तोंड नव्हतं. हे मी आज इतक्या वर्षांनीही शांतपणे सांगू शकत नाही, आणि शांतपणे सांगायचं कारणही मला दिसत नाही.

काका माझे सख्खे काका नव्हेत. ते माझ्या वडिलांचे पलटणीतले मित्र. पलटणीत येण्याआधी बाबा बेकरीत भट्टीवर होते, म्हणून पलटणीत त्यांना सगळे पाववाला म्हणायचे. काका पोहणारे, म्हणून बाबांनी त्यांचं नाव बेडूक ठेवलं होतं. पुढे साऱ्या पलटणीत तेच नाव चालू झालं.

काका बंदरावर वाढले. त्यांचे वडील नावांच्या फटींमध्ये सुतळी ठोकून वरून गरम डांबर भरायचे. नाव पाण्यात असली की खालची फट कुठे आहे हे बघायला कुणालातरी बुडी मारावी लागे, आणि ते काम घरातल्या धाकट्याचं. त्यामुळे काका चालायला आणि पोहायला जवळजवळ एकदमच शिकले.

त्या काळी पोहण्याची शर्यत ही नवलाईची गोष्ट होती. पोहायचं ते बुडू नये म्हणून, त्यात पहिला-दुसरा नंबर कसला काढायचा, असंच लोकांना वाटे. मग बंदरावरच्या बड्या मंडळींनी एक क्लब काढला आणि धक्क्यापासून जकातघरापर्यंत शर्यत लावली. शर्यत सगळ्यांना खुली, असं फलकावर लिहिलं होतं. क्लबच्या पोरांचे पट्टेरी, अंगाला घट्ट बसणारे पोशाख शिवून आले होते. काकांच्या आईनं जुना स्वेटर उसवून त्या लोकरीचा पोशाख विणून दिला. लोकर पाणी पिते. निम्म्या वाटेवर तो पोशाख गुडघ्यापर्यंत उतरला. उरलेलं अंतर काकांनी एका हातानं कापलं, कारण दुसरा हात अब्रू सांभाळण्यात गुंतला होता. तरीही ते पहिले आले.

पंच मंडळी कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कुजबुजली. मग जाहीर झालं की पोशाख नियमात बसत नाही, म्हणून पहिलं बक्षीस बँकेच्या साहेबांच्या पुतण्याला आणि काकांना उत्तेजनार्थ छत्री. काका ही गोष्ट हसत सांगायचे. "पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला छत्री दिली. काळजी किती बघ," म्हणायचे. मला कधी हसू आलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी रीतसर पोशाख मिळवला आणि इतकं अंतर ठेवून जिंकले की पंचांना कुजबुजायलाही काही सापडेना. त्यानंतरही ते जिंकतच राहिले. वर्तमानपत्रात फोटो आला. तो बघून पलटणीचे खेळांचे साहेब बंदरावर आले आणि काकांच्या वडिलांना म्हणाले, "तुमचा मुलगा आम्हाला द्या. जेवण, कपडे, पगार. आणि काम एकच, पोहणं."

काकांच्या वडिलांनी डांबराचे हात पुसले आणि विचारलं, "लढाई झाली तर?"

"लढाई कशाला होते," साहेब म्हणाले.

पलटणीत काकांना दूध, अंडी, मांस वेगळं मिळायचं. कवायत माफ. पलटणीचा स्वतःचा पोहण्याचा तलाव होता, आणि दरवर्षी पलटणीपलटणींमध्ये जी शर्यत व्हायची तिचा चांदीचा पेला काका जिंकून आणायचे. तो पेला अधिकाऱ्यांच्या जेवणघरात काचेच्या कपाटात जायचा. ज्यानं जिंकला त्याला त्या जेवणघरात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. तो पेला जवळून कसा दिसतो हे काकांना कपाट पुसणाऱ्या नोकरानं सांगितलं.

बाबांची आणि काकांची गट्टी जमली ती खाण्यावरून. काका दूध-अंड्यातला वाटा बाबांना द्यायचे, बाबा स्वयंपाकघरात वशिला लावून त्यांना ताजा पाव आणून द्यायचे. बाबांना पाण्याची अतोनात भीती. तोंड धुताना सुद्धा ते डोळे गच्च मिटून, श्वास रोखून धुवायचे. एकदा काकांनी विचारलं, "अरे, तू नदीत पडलास तर काय करशील?"

"बुडेन," बाबा म्हणाले. "दुसरं काय येतं मला?"

काकांनी सहज चौकशी केली, तेव्हा कळलं की सगळ्या पलटणीची हीच कथा. हजारभर माणसं, त्यात पोहणारी बोटांवर मोजण्याइतकी. आणि दाराशी एवढा मोठा तलाव. काकांनी खेळांच्या साहेबांमार्फत कर्नलसाहेबांकडे अर्ज केला की फावल्या वेळात मी सगळ्यांना शिकवतो. कर्नलसाहेबांनी त्यांना समोर बोलावलं.

"तलाव अधिकाऱ्यांच्या कुटुंबांसाठी आहे आणि संघासाठी," ते म्हणाले. "एवढे लोक उतरले तर पाण्याचं काय होईल?"

"पाणी बदलता येईल, साहेब."

"पलटण पायांनी चालते. पोहत नाही. तू तुझं पोहणं बघ."

काका गप्प बसणारे नव्हते. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. उत्तर तेच. शेवटी त्यांनी बाबांना घोड्यांच्या हौदावर नेलं. हौद कमरेएवढा. त्यात तोंड बुडवायचं, नाकातून हवा सोडायची, डोळे उघडे ठेवायचे, एवढाच धडा. मग उताणं पडून तरंगायचं. बाबा थोडे सुधारले. त्यांचं बघून आणखी काही जण यायला लागले. एका संध्याकाळी हौदात माणसं आणि बाहेर तहानलेले घोडे अशी गंमत झाली आणि तबेल्याच्या मुकादमानं तक्रार केली.

घोड्यांचं पाणी घाण केल्याबद्दल सगळ्यांना शिक्षा झाली. पाठीवर दगड भरलेल्या पिशव्या घेऊन मैदानाला फेऱ्या. काकांना शिक्षा माफ होती, कारण शर्यत तोंडावर आली होती. काका आपण होऊन पिशवी घेऊन त्यांच्यात पळाले. तेव्हा कर्नलसाहेबांनी त्यांना रांगेतून बाहेर काढून खोलीत बसवलं. खांदा दुखावला तर पेला कोण आणणार.

मग लढाई झालीच.

पलटण एका नदीपाशी येऊन थांबली. पूल उडवलेला होता. मागून तरंगता पूल बांधणारी तुकडी येत होती, तिची वाट बघा असा हुकूम होता. पण वरच्या अंगाला दुसरी एक पलटण होती आणि तिचे कर्नल आमच्या कर्नलसाहेबांच्या आधी पलीकडे पोचतील अशी बातमी आली. एवढंच कारण. मला लहानपणी वाटायचं की यामागे काहीतरी मोठं, आपल्याला न कळणारं कारण असेल. काकांना विचारलं, पलटणीत शिंग फुंकणाऱ्या शिंगवाल्याला विचारलं, तो पुढे आईच्या बेकरीत पाव न्यायला यायचा. दोघांनीही तेच सांगितलं. कर्नलसाहेबांना आधी पोचायचं होतं.

गावातल्या नावा आणल्या. एका म्हाताऱ्या नावाड्यानं आपल्या नावेकडे बोट करून सांगितलं की हिच्यात एवढी माणसं मावणार नाहीत. त्याला बाजूला सारलं. सगळ्यांच्या अंगावर जाड कोट, पायांत बूट, पाठीवर भरलेली पिशवी आणि छातीवर तिचे आवळलेले पट्टे. काका कॅप्टनकडे गेले.

"साहेब, नावेत बसताना पट्टे सोडू द्या. बुटांच्या नाड्या सैल करू द्या. पलीकडे गेल्यावर बांधतील."

"आणि पिशव्या पाण्यात पडल्या तर सामानाचा जबाब कोण देणार? तू?"

"देईन, साहेब."

कॅप्टन म्हणाले, "जा, आपल्या नावेत बस."

बाबा पहिल्या नावेत होते, काका तिच्या मागच्या. पलीकडचा काठ रिकामा होता. शत्रू आदल्या दिवशीच निघून गेला होता, हे आपल्या लोकांनाही माहीत होतं. एक गोळी सुटली नाही. त्या काठावर दोन गाई चरत होत्या, असं शिंगवाला सांगायचा. नदीच्या मध्यावर, जिथे ओढ जोराची होती, तिथे पहिली नाव एका बाजूला कलली, माणसं घाबरून दुसऱ्या बाजूला सरकली आणि नाव उलटली.

काकांनी बूट भिरकावले, कोट टाकला आणि उडी घेतली. पाणी बर्फासारखं होतं. ज्याला धरावं त्याच्या पाठीवर ओझं, आणि तो जिवाच्या आकांतानं काकांच्या गळ्याला मिठी मारणार. त्यांनी दातात चाकू धरला होता. पाण्याखाली जायचं, पट्टा कापायचा, माणूस मागून धरायचा, उलटलेल्या नावेच्या कडेला लावायचा, की पुन्हा खाली. एकाच्या कोपराचा फटका बसून त्यांचं नाक मोडलं. तरी किती जणांना त्यांनी बाहेर काढलं हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. ते सरकारनं सांगितलं. काका फक्त एवढंच म्हणायचे, "तुझा बाप मला दिसला नाही. मी शोधला. मला दिसला नाही." शेवटी त्यांना दुसऱ्या नावेतल्या लोकांनी केस धरून वर ओढलं, कारण ते स्वतःहून थांबत नव्हते.

बाबा दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडले. काका ओळख पटवायला गेले. बाबांच्या छातीवरचं एकही बक्कल सुटलेलं नव्हतं. गारठलेल्या बोटांनी त्यांनी ते ओढलेलं दिसत होतं. नखं तुटली होती.

लढाई संपल्यावर मैदानात समारंभ झाला. खुर्च्या, बँड, फोटोवाले. काकांचे आईवडील नवे कपडे घालून पहिल्या रांगेत बसले होते. काकांना पुढे बोलावलं आणि एक अधिकारी मोठ्यानं वाचू लागला. शत्रूच्या जबरदस्त गोळीबारात नाव उलटली असता, जिवाची पर्वा न करता. काका सांगायचे, पहिलं वाक्य ऐकून त्यांना वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं चाललंय.

जनरलसाहेब पदक लावायला पुढे वाकले तेव्हा काका हळूच म्हणाले, "साहेब, गोळीबार झाला नव्हता. नाव जास्त भरली होती."

जनरलसाहेबांचं फोटोसाठीचं हसू जराही हललं नाही. "छान, छान," म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे सरकले.

पण ते शेजारच्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी कर्नलसाहेबांनी काकांना बोलावलं. काकांची तयारी होती तुरुंगाची. कर्नलसाहेबांनी त्यांना चक्क बसायला खुर्ची दिली.

"शत्रूच्या गोळीबारात मेलेल्या शिपायाच्या बायकोला पेन्शन मिळते," ते म्हणाले. "नाव उलटून मेलेला, तो अपघात. अपघाताला काही नाही. तुला खरं बोलायचं असेल तर खुशाल बोल. पण मग त्या बायांच्या दारात तू जा आणि त्यांना सांग की तुमचं मी काढून घेतलं."

काका तसेच उठले. त्या एका गोष्टीनं त्यांचं तोंड बांधलं. नदीत ते इतके दमले नव्हते, असं म्हणायचे. करार संपताच त्यांनी पलटण सोडली. त्यानंतर शर्यतीचं पाणी त्यांनी कधी पाहिलं नाही. क्लबनं मोठ्या मानानं बोलावणं पाठवलं, तेही परत केलं.

आमच्याकडे ते आले तेव्हा माझं डोकं दुकानाच्या फळीपर्यंतही पोचत नव्हतं. बाबा जिथे भट्टीवर होते तीच बेकरी आईनं चालवायला घेतली होती. मोडक्या नाकाचा, उंच, घसा बसलेला माणूस दारात उभा राहिला आणि आत येईना. आई म्हणाली, "भावोजी, आत या. दार उघडं राहिलं की पीठ उडतं."

ते आत आले आणि पिठाच्या पोत्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. कर्नलसाहेबांच्या खुर्चीपर्यंत सगळं. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही बोल म्हणालात तर बोलतो. गप्प राहा म्हणालात तर मरेपर्यंत गप्प."

आईचे हात कणकेत होते. ती मळतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या पोटावर पाय ठेवण्याची धमकी देऊन तुमचं तोंड बंद केलं."

"हो."

"तुमचं केलं. माझं कुठे केलंय? पेन्शन मी घेईन आणि बोलेनही. नवरा त्यांनी घेतलाय माझा. बघू, आणखी काय घेतात."

आणि ती बोलली. पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला, सुटे पैसे परत देताना, त्याच आवाजात. एक पाव, दोन बिस्किटं, आणि माझा नवरा गोळीनं मेला नाही, कर्नलच्या घाईनं मेला. लोक आधी दचकायचे. मग सवय झाली. मग तेच दुसऱ्यांना सांगायला लागले.

काही महिन्यांनी एक तरुण अधिकारी दुकानात आला, टोपी काखेत धरून. रांग होती. तो बाजूला उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही जे बोलता त्याचा तुम्हालाच त्रास होईल. जरा विचार करा."

आई मोठ्यानं म्हणाली, "हे साहेब म्हणतायत की मी विचार करावा. बसा, साहेब. तुम्ही होतात का त्या नदीवर?"

"नाही. मी तेव्हा पलटणीत नव्हतो."

"मग ऐका," म्हणून तिनं रांगेसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. हौद, घोडे, पट्टे, गाई, नखं. त्या अधिकाऱ्याचे कान लाल झाले होते. आईनं एक गरम पाव कागदात बांधून त्याच्या हातात दिला. "पैसे नकोत. तुमच्या साहेबांना जाऊन सांगा, पेन्शन बंद करायची असेल तर मला लेखी कळवा, म्हणजे तो कागद मी इथे भिंतीवर लावते."

पेन्शन बंद झाली नाही. तिचा आणि काकांचा त्यात विजय झाला असं मात्र मी म्हणणार नाही. कर्नलसाहेब पुढे मोठ्या हुद्द्यावर गेले, मोठ्या घरात राहिले आणि आपल्या पलंगावर, नातवंडांच्या गराड्यात गेले. त्यांना कधी कुणी एक प्रश्न विचारला नाही.

काकांनी बंदरावरच वडिलांचं काम धरलं. सुटीच्या दिवशी जुन्या धक्क्याच्या पायऱ्यांवर ते पोरांना पोहायला शिकवायचे. फी नाही, नावनोंदणी नाही, मुलगा-मुलगी असा भेद नाही. पण त्यांची रीत उफराटी होती. हात-पाय मारणं शेवटी. आधी अंगावर जुना कोट, पायांत बूट, छातीवर पट्टा, आणि पाण्याखाली डोळे उघडे ठेवून बक्कल सोडायचं. गार पाण्यात, दोन्ही हातांनी, मग एका हातानं. मी रडायचे. बोटं बधिर व्हायची. "काका, मला नुसतं पोहायचंय," म्हणायचे.

"पोहणं काय, बेडूकही पोहतो," ते म्हणायचे. "सोड बक्कल."

ते प्रेमळ शिक्षक नव्हते. ओरडायचे, घालून पाडून बोलायचे, एखाद्याच्या आईबापांशी भांडायचे. पोरगं तयार झालं की त्याच्याशी बोलणंच सोडायचे, कारण आता त्यांचं लक्ष पुढच्यावर असायचं. आईशीही त्यांची खडाजंगी व्हायची, बहुतेक वेळा पावाच्या भाजण्यावरून. दोघांबद्दल गल्लीत चार तोंडांनी चार गोष्टी बोलल्या जायच्या. आई म्हणायची, "बोलू देत. पाव तर आपल्याकडूनच नेतात."

बऱ्याच वर्षांनी पलटणीनं नवा तलाव बांधला, पूर्वीच्या दुप्पट मोठा, आणि त्याला कर्नलसाहेबांचं नाव दिलं. हो, त्यांचंच. उद्घाटनाला पदकवाले म्हणून काकांना बोलावणं आलं. मी म्हटलं, जाऊ नका. आई म्हणाली, "जायचं. तिघांनी जायचं."

नव्या भरतीची पोरं कडक गणवेशात तलावाच्या तीन बाजूंना बसवली होती. काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, बसलेल्या घशानं म्हणाले, "ज्यांना पोहता येत नाही त्यांनी हात वर करा."

पोरांनी आधी आपल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. मग एक हात वर आला, मग पुष्कळ. जवळजवळ सगळेच.

काका सूत्रसंचालकाकडे वळले. "यांना पाण्यात कधी उतरवणार?"

"तसा कार्यक्रम अजून ठरलेला नाही," तो म्हणाला. "सध्या संघाचा सराव..."

काकांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी तिथेच कोट काढून आईच्या मांडीवर ठेवला, बूट काढले आणि म्हातारपणाच्या त्या बारीक पायांनी शिडी उतरून पाण्यात उभे राहिले. "पहिली रांग," ते म्हणाले. "आहात तसे या."

कुणी हुकूम दिला नाही आणि कुणी अडवलंही नाही. पहिल्या रांगेतला एक उठला, मग दुसरा. थोड्या वेळानं त्या झकपक पाण्यात गणवेशातली पोरं नाक धरून बुड्या मारत होती आणि पाहुण्यांच्या साड्यांवर, सुटांवर पाणी उडत होतं. त्यानंतर त्या पलटणीत भरती झालेल्या प्रत्येकाला पोहणं शिकवायला लागले, हे खरं आहे. तलावाचं नाव मात्र बदललं नाही. काका म्हणायचे, नावाचं काय घेऊन बसलीस, पोरं पाण्यात आहेत ना. ते त्यांचं मोठेपण. मला ते जमलं नाही. त्या फाटकावरून जाताना मी अजून मान दुसरीकडे वळवते.

काका छातीच्या दुखण्यानं गेले, आमच्याच घरी, बेकरीच्या वरच्या खोलीत, कारण तिथे भट्टीची ऊब येते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटोसकट बातमी आली. शत्रूच्या जबरदस्त गोळीबारात, जिवाची पर्वा न करता.

आई तेव्हा काठी घेऊन चालत होती. तिनं तो अंक घडी करून पदराखाली घेतला आणि मला म्हणाली, "चल." संपादकाच्या खोलीत जाऊन ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि जे दुकानात उभ्या आयुष्यात सांगितलं होतं ते तिनं पुन्हा सांगितलं. संपादक तरुण होता, वाईट नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आजी, आम्ही सरकारी माहिती छापली," तो म्हणाला. "आणि आता सगळेच गेलेले आहेत. इतक्या वर्षांनी त्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडत नसेल," आई म्हणाली, "तर खरं छापा."

त्यांनी छापलं. आतल्या पानावर, हरवल्या-सापडल्याच्या रकान्याखाली, बारीक अक्षरात. आईला चष्म्यातूनही ते दिसेना, म्हणून मी तिला वाचून दाखवलं, आणि तिनं मला ते गिऱ्हाइकांनाही वाचून दाखवायला लावलं.